गिऱ्हाइकाचा फावला वेळ कुठं गेला? खान्देशातल्या छोट्या ब्रँडवाल्यांसाठी पायरी पायरीने

अमळनेरला आमचं घरगुती काम आहे, बिबडे (ज्वारीचे वाळवलेले पापड), पापड, कळण्याच्या भाकरीचं पीठ, काळा मसाला आणि केळीचे वेफर्स. २०१५ ला मी आणि माझ्या जाऊबाईंनी गच्चीवरून सुरू केलं, आता आठ जणी कामाला येतात आणि एक पॅकिंग मशीन आहे. म्हणजे फार मोठं काही नाही, पण पाकिटावर आमचं नाव असतं आणि ते नाव बघून लोक घेतात, तेवढा ब्रँड.

पहिली काही वर्षं माल चांगला असला की खपतो एवढंच मला माहीत होतं. मग २०१९ च्या आसपास वेफर्स परत यायला लागले. चव तीच, भाव तोच, दुकानदार तेच, आणि अर्धा किलोची पाकिटं दुकानात टांगलेली तशीच. मी तेल बदललं, पाकिटाचा रंग बदलला, दुकानदाराला कमिशन वाढवून दिलं, काही उपयोग नाही. कारण हाती यायला दीड वर्ष गेलं. अर्धा किलोचं पाकीट आम्ही बनवलं होतं ते संध्याकाळी सगळं घर टीव्हीसमोर बसणार आणि मधे परात ठेवणार या हिशोबाने. आणि ती परातच उठली होती. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, नेट स्वस्त झालं, आणि दोन-तीन वर्षांत एका घरातली पाच माणसं पाच कोपऱ्यात पाच स्क्रीन घेऊन बसायला लागली. एकट्या माणसाला अर्धा किलोचं पाकीट कशाला फोडायचंय?

तेव्हापासून मी एक पद्धत बसवली, चुकत चुकतच बसली. आता ओळखीतले बरेच जण विचारतात, कुणाचा चिवडा, कुणाचं आईस्क्रीमचं दुकान, एकाचं खेळण्यांचं, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढतेय.

आधी काय काय जमवायचं

- दोनशे पानी वही, पट्टी, पेन्सिल. मोबाईलमधे लिहू नका, समोरच्या माणसाला वाटतं आपण दुसऱ्याच कुणाशी बोलतोय.
- तिथी असलेलं भिंतीवरचं कॅलेंडर. नुसतं तारखांचं चालणार नाही, पुढे कळेल का ते.
- धंद्याचं वेगळं सिमकार्ड आणि त्यावर व्हॉट्सअप बिझनेस.
- आधार, पॅन, बँकेचं पासबुक, जागेचं लाईटबिल, दोन फोटो. हे पायरी ५ ला लागतं पण आत्ताच एका फाईलीत घालून ठेवा.
- आठ-दहा दिवसांची संध्याकाळ. हेच सगळ्यात अवघड जातं, कारण संध्याकाळी आपणच गल्ल्यावर अडकलेलो असतो. भाच्याला बसवा, पुतण्याला बसवा, पण वेळ काढा.

१. चोवीस तासांची वही घाला

ही कल्पना माझी नाही. सरकारचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय लोकांचा वेळ कसा जातो ते असंच मोजतं, एकदा २०१९ ला मोजलं आणि परत २०२४ ला. माणसाला विचारतात की काल पहाटे ४ पासून आज पहाटे ४ पर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाला काय काय केलं. त्यात एक गोष्ट निघाली ती मला फार महत्त्वाची वाटते. सहा वर्षांवरची माणसं करमणूक, माध्यमं, खेळ, सांस्कृतिक गोष्टी यात २०१९ ला दिवसाचा ९.९ टक्के वेळ घालवत होती, २०२४ ला तो ११ टक्के झाला. म्हणजे हिशोब केला तर दिवसाला पंधरा-सोळा मिनिटं वाढली.

आता तुम्ही कुणालाही विचारा, "माले टाईमच नही भेटत भो" हेच ऐकायला मिळतं. दोन्ही खरं आहे. वेळ वाढलाय पण सलग राहिला नाही, त्याचा चुरा झालाय. दहा मिनिटं इथं, वीस मिनिटं तिथं. पूर्वीचा ब्रँड सलग दोन तासांसाठी बनायचा, आत्ताचा चुऱ्यासाठी बनवावा लागतो.

तर वहीच्या एका पानावर एक माणूस, अर्ध्या अर्ध्या तासाच्या ४८ ओळी. प्रत्येक ओळीसमोर हे रकाने: काय केलं, कुठं, कुणासोबत, हात रिकामे होते का, काही खाल्लं का. पंधरा-वीस गिऱ्हाइकं झाली की पुरे, पण सगळी एकाच वयाची नकोत.

इथे लोक दोन ठिकाणी फसतात. पहिलं म्हणजे "तुम्ही फावल्या वेळात काय करता?" असं विचारतात. असं विचारलं की माणूस चांगलं चांगलं सांगतो, वाचन, देवदर्शन, फिरणं. "काल" विचारा. काल जेवण झाल्यावर कुठं बसले होते? काल झोपायच्या आधी हातात काय होतं? कालचं माणूस खरं सांगतो. दुसरं म्हणजे फक्त रविवार विचारतात. एक कामाचा दिवस, एक बाजाराचा दिवस आणि एक रविवार असे तिन्ही विचारा.

हात रिकामे होते का हा रकाना मी नंतर घातला आणि त्यानेच सगळ्यात जास्त शिकवलं.

२. वेळ कुणाचा आहे ते वेगळं करा

घर म्हणून एक गिऱ्हाईक धरायचं सोडून द्या. माझ्या वहीत जे निघालं ते सांगते, तुमच्याकडे थोडं वेगळं निघेल.

*घरातल्या बायका.* त्याच सर्वेक्षणात आहे की १५ ते ५९ वयाच्या बाईचा घरकामात २०१९ ला ३१५ मिनिटं वेळ जायचा, २०२४ ला ३०५. पाच वर्षांत दहा मिनिटं सुटली, बस. तरी ती मोबाईल बघते, मग कधी बघते? आमच्या शेजारच्या काकूंच्या घरी मी संध्याकाळी जाऊन बसले होते, त्यांनी पिठाच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा ठेवलेला आणि भाकरी थापत होत्या. हाताला पीठ. स्क्रीनकडे नजर दहातून एकदा, बाकी सगळं कानाने. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही व्हिडिओवर जे मोठ्या अक्षरात भाव आणि नंबर लिहीत होतो ते ह्या बाईने कधी वाचलंच नाही. ती बघत नाही, ऐकते. शेंगा फोडताना, भाजी निवडताना, लसूण सोलताना, हात कामात आणि कान मोकळे. त्या दिवसापासून आम्ही नंबर बोलून सांगतो, तोही हळू आणि दोनदा.

त्याच काकू म्हणाल्या, "पहिले दुपारले वट्टावर बसूत, आते ज्यानात्याना हातमा मोबाईल शे." वट्ट्यावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसणं गेलं म्हणजे नुसत्या गप्पा गेल्या नाहीत, उन्हाळ्यात चार घरच्या बायका मिळून जे वाळवण घालायच्या तेही गेलं. बिबडे करायचे म्हणजे ज्वारी ओलवा, भरडा, शिजवा, पहाटे उठून थापा, हे एकटीचं काम नाही. तो बायकांचा कामाचाही वेळ होता आणि करमणुकीचाही. आम्ही बिबडे विकतो तेव्हा त्या मोडलेल्या दुपारीच विकतो, हे मी कधी विसरत नाही.

*शेतकरी.* शेताची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा असते काही दिवस रात्री. रातची लाईट असली की माणूस विहिरीवर एक-दोन वाजेपर्यंत एकटा, मोटार चालू, पाण्याचं बारं (वाफ्याकडे पाणी जायची वाट) बदलायचं, मधले तास रिकामे. त्याच्या हातात मोबाईल, हात पण रिकामे. मला रात्री साडेबाराला "कळण्याचं पीठ ५ किलो पाहिजे" असे मेसेज यायचे आणि मी सकाळी बघून वैतागायची की ही काय वेळ आहे. नंतर वहीत बघितलं तर तीच त्याची खरी मोकळी वेळ. आता रात्री ९ नंतर आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवलंय, "दादा, निरोप मिळाला, सकाळी ८ ला फोन करते", आणि ८ ला खरंच करते. व्हॉट्सअप बिझनेसमधे ही सोय फुकट आहे.

*पोरं.* पोलीस भरतीची तयारी करणारी पहाटे ग्राउंडवर, स्पर्धा परीक्षावाली अभ्यासिकेत, पाचला टपरीवर दहा मिनिटं. आयपीएलच्या दिवसात साडेसातला मॅच सुरू होते आणि पाच-सहा जण कुणाच्या तरी गच्चीवर. यांना १०-२० रुपयांचं पाकीट पाहिजे, प्रत्येकाचं वेगळं, कारण प्रत्येकाला वेगळी चव पाहिजे.

*म्हातारी माणसं.* सलग वेळ आता फक्त यांच्याकडे उरलाय आणि एकही ब्रँड यांच्याशी बोलत नाही. सकाळी आठ-नऊला किराणा दुकानाच्या पायरीवर बसलेली असतात, नातवासाठी तेच घेतात. पाकिटावरची अक्षरं मोठी करा, बाकी काही करायची गरज नाही.

*बाहेरगावी गेलेले.* सुरत, पुणे, मुंबई, नाशिक. सुरतला तर आपल्याकडचे इतके लोक आहेत की उधना, लिंबायतला अहिराणी बोलून दिवस निघतो. यांची सुट्टी इथे येऊन खर्च होते. यांच्याबद्दल पुढच्या पायरीत.

३. हंगामाचं कॅलेंडर मांडा

मोठ्या शहरात रिकामा वेळ शनिवार-रविवारी असतो. आपल्याकडे तो तिथीवर आणि पिकावर चालतो, म्हणून म्हटलं तिथीचं कॅलेंडर घ्या. त्यावर हे लिहून टाका:

आखाजी. अक्षय्य तृतीया आपल्याकडे लेकीबाळींची. माहेरवाशिणी येतात, गौराईची गाणी, झोके. वर्षात बाईला जर कुठे सलग तीन दिवस स्वतःचे मिळत असतील तर हेच.

वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा, बोरी नदीच्या पात्रात. श्रावणात नागपंचमीनंतर कानबाई देवीचा सण, घरोघर रोट, सगळं भाऊबंद एकत्र. कार्तिकी एकादशीला जळगावचा रथ. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, तापीच्या काठी घोड्यांचा बाजार. चैत्रात धुळ्याला एकवीरा देवीची यात्रा. मग लग्नसराई.

आणि चंपाषष्ठीपासून पुढे थंडीभर भरीत पार्ट्या. हे खास आपलं आहे आणि वाढतंय. पूर्वी शेतकऱ्याच्या मळ्यात घरचे लोक करायचे, आता बँकेतले, शाळेतले शिक्षक, डॉक्टर, जुने वर्गमित्र, सगळे रविवारी वीस-पंचवीस जणांचा ग्रुप करून कुणाच्या तरी मळ्यात जातात. कपाशीच्या काड्यांवर ती हिरवी मोठी वांगी भाजायची, बामणोद गावची असली तर बघायलाच नको, लाकडी मुसळाने ठेचायची, वरून कांद्याची पात, खाली केळीचं पान. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या मते खान्देशात आज एकत्र बसून घालवलेला सगळ्यात मोकळा वेळ हाच आहे, कारण वांगी भाजताना हात काळे असतात आणि मोबाईल खिशात राहतो.

उन्हाळा वेगळा मांडा. एप्रिल-मे मधे जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला जातो, दुपारी १२ ते ५ रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. सगळा फावला वेळ रात्री ८ ते ११ मधे सरकतो. मी एका वर्षी मे महिन्यात दुपारी ४ वाजता खाऊचा स्टॉल आणि पाककृती दाखवायचा कार्यक्रम ठेवला होता, मंडप, खुर्च्या, सगळं. सहा माणसं आली, त्यातले चार नातेवाईक. माल उन्हात मऊ पडला तो वेगळा. वेळ रात्री साडेआठची ठेवली असती तर जागा पुरली नसती.

४. मालाचं माप आणि रूप त्या वेळेवर बसवा

आता वही आणि कॅलेंडर शेजारी ठेवा आणि प्रत्येक मालाला एकच प्रश्न विचारा: हा कुणाच्या कोणत्या वेळेत, कुणासोबत खाल्ला जाणार? उत्तर नसेल तर तो माल बंद करा किंवा बदला. आमचं असं झालं:

वेफर्सचं अर्धा किलो बंद केलं, ३० ग्रॅम आणि ६० ग्रॅम सुरू केलं. गच्चीवरच्या पोरांना हे चालतं, टपरीवर पण चालतं.

भरीत पार्टीची पेटी काढली. कळण्याचं पीठ (ज्वारी आणि उडीद, मीठ घालून दळलेलं), ठेच्याचा मसाला, भाजलेले शेंगदाणे, बिबडे, पाच माणसांची, दहाची आणि पंचवीसची. पहिल्या वर्षी फक्त दहाची काढली होती, ग्रुप पंचवीसचे निघाले, लोकांना तीन-तीन पेट्या घ्याव्या लागल्या आणि पीठ उरलं. विचारून मगच माप ठरवा. वांगी आम्ही पेटीत देत नाही, ती ज्याने त्याने ताजी घ्यावी, पण कोणत्या गावाला कोणत्या दिवशी मिळतील ते सांगतो. लोकांना त्या सांगण्याचंच जास्त अप्रूप.

आणि मोठं पाकीट संपलं असं समजू नका, तिथेही माझी चूक झाली. मी सगळंच छोटं करून टाकलं आणि आखाजीला बायका विचारायला लागल्या, किलोचं नाही का? लेक सासरी परत निघाली की तिच्या पिशवीत आई जे भरून देते त्यात छोटं पाकीट शोभत नाही. सुरतच्या गाडीत अमळनेर स्टेशनवर त्या दिवसात बघा, प्रत्येकीजवळ एक पिशवी जास्तीची असते. आता आम्ही परतीची पिशवी म्हणून देतो: एक किलो बिबडे, अर्धा किलो मसाला, पापड. बिबडे गाडीत चुरतात म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली-वर कागद. खोक्याचे जास्तीचे पैसे कुणी नाही म्हणत नाही, चुरा झालेले बिबडे मात्र वर्षभर लक्षात ठेवतात.

यात्रेला फक्त हातात धरून चालता येईल तेच न्या. यात्रेतल्या माणसाच्या एका हाताला पोरगं असतं, दुसऱ्या हातात पिशवी.

५. कागदपत्रं, हे एकदाच उरकून टाका

माप बदललं, नवीन पेटी काढली की लेबल नवीन लागतं, म्हणून ही पायरी इथे.

- उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी): आधार आणि पॅनवर ऑनलाईन होते आणि पूर्ण फुकट आहे. सरकारी साईटसारख्या दिसणाऱ्या खाजगी साईट्स आहेत, त्या फी मागतात. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का बघा. माझे दीड हजार असेच गेले.
- एफएसएसएआय (अन्न सुरक्षेची सरकारी नोंदणी): खायच्या कोणत्याही मालाला लागतं, घरी बनवला तरी. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा, आणि मालाची यादी. यादीत पुढे करायचा मालही आत्ताच घाला.
- लेबलवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत चांगलं, बॅच नंबर, घटक, हिरवा ठिपका, एफएसएसएआय नंबर आणि तक्रारीसाठी फोन. आतल्या पुड्यांवर असलं तरी पेटीच्या बाहेरही लावा.
- नावाचा ट्रेडमार्क: एकट्या माणसाला किंवा लघुउद्योगाला ऑनलाईन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला (मालाच्या एका गटाला) ४,५०० रुपये. वेफर्स २९ व्या वर्गात आणि मसाले ३० व्या वर्गात पडतात, त्यामुळे दोन्ही हवे असतील तर दुप्पट. नाव ठरवायच्या आधी ट्रेडमार्कच्या साईटवर शोधून बघा, छापलेली पाकिटं फेकायची वेळ येऊ नये.

६. मोबाईलवरच्या वेळेत जा, पण पाहुण्यासारखं

हा भाग सगळ्यांना पहिला करायचा असतो. मी मुद्दाम सहावा ठेवलाय, कारण वही घातल्याशिवाय इथे टाकलेला पैसा पाण्यात जातो.

व्हॉट्सअपची ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ लोकांची होते आणि तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. त्यामुळे पाकिटासोबत चिठ्ठी द्या की नंबर सेव्ह करा, पुढच्या वेळी भरताची वांगी कुठे मिळतात ते कळवू. गावाच्या ग्रुपवर न विचारता जाहिरात टाकू नका. लोक एकमेकांशी बोलायला तिथे येतात, आपण मधे घुसलो तर राग ब्रँडवर निघतो. आणि गावात मयत झालेली असेल त्या दिवशी काहीच टाकायचं नाही. हे कुठल्या मार्केटिंगच्या कोर्समधे शिकवत नाहीत, पण आमच्याकडून एकदा झालं, आधीच वेळ लावून ठेवलेला मेसेज होता, आणि त्या गल्लीत वर्षभर आमचं पाकीट गेलं नाही.

वेळ वहीतून घ्या. आमचे बायकांसाठीचे व्हिडिओ संध्याकाळी सहाच्या सुमारास जातात, भाकरीच्या वेळी, पोरांसाठीचे रात्री दहानंतर. आठवड्याला दोन, जास्त नाही.

भाषा अहिराणी ठेवायला घाबरू नका, तिकडे रावेर-यावलला विकत असाल तर तिथली लेवा बोली. यूट्यूबमुळे अहिराणी गाणी आणि कॉमेडी आज सुरतपासून मुंबईपर्यंत वरातीत वाजतात, घरात बसून आजीपासून नातवापर्यंत बघतात. आम्ही पहिल्यांदा एका बाहेरच्या जाहिरातवाल्याकडून व्हिडिओ करून घेतला होता, त्यात एक जोडपं कॅफेत बसून वेफर्स खातंय आणि शुद्ध पुस्तकी मराठी बोलतंय. दिसायला सुंदर होता. एकाही माणसाने फोन केला नाही. नंतर जाऊबाई गच्चीवर बिबडे थापता थापता जे बोलल्या ते मी साध्या मोबाईलवर काढलं, मागे कावळ्याचा आवाज, आणि नंदुरबारहून ऑर्डर आली. तुमचा माल कोण बनवतं त्याच माणसाला बोलू द्या.

सांभाळायच्या गोष्टी:

- इन्स्टाग्रामच्या बिझनेस खात्यावर सिनेमाची गाणी लावायला मिळत नाहीत. साधं खातं ठेवून धंद्याच्या व्हिडिओला लावली तर हक्कदाराची तक्रार येऊ शकते. आपल्या घरातल्या आजीचं जात्यावरचं गाणं तिला विचारून लावा.
- फॉलोअर विकत घेऊ नका. ते आपल्या तालुक्यातले नसतात, भाकरी खात नाहीत.
- गावातल्या रीलवाल्या पोराला पैसे किंवा माल देऊन बोलायला सांगत असाल तर ती जाहिरात आहे हे व्हिडिओत स्पष्ट दिसलं पाहिजे. २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेचे नियम आहेत, २०२३ ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाचीही सूचना निघाली. पोराला माहीत नसतं, सांगायचं काम आपलं.
- गिऱ्हाइकाचा नंबर दुसऱ्या दुकानदाराला देऊ नका, मागितला तरी.

७. लोकांना एकत्र बसायला जागा द्या

माझं सगळ्यात आवडीचं काम हे आहे. घरोघर पाच स्क्रीन झाले तरी एकत्र बसायची ओढ मेलेली नाही, जागा गेली. वट्टे पाडून शटर आले, कडुलिंब तोडून कॉलन्या झाल्या, मग झोका बांधायचा कुठे? आमच्या कारखान्याच्या आवारात एक जुना लिंब आहे. आखाजीचे तीन दिवस आम्ही त्याला दोन झोके बांधतो. दोर जाड सुताचा, आदल्या दिवशी दोन गड्यांना बसवून तपासायचा. माठात कैरीचं पन्हं, एका ताटात बिबडे आणि शेंगदाणे. बॅनर नाही, स्टॉल नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं दहा-पंधरा जणी येतील. संध्याकाळी सातनंतर रांग लागली, पन्नाशीच्या बायका झोक्यावर उभ्या राहून गौराईची गाणी म्हणत होत्या, एकीला एक कडवं आठवलं की दुसरी पुढचं उचलायची. बाहेर गेटजवळ परतीच्या पिशव्या ठेवलेल्या, ज्यांना हव्या त्यांनी घेतल्या.

तुमचा धंदा वेगळा असेल तर वेगळं सुचेल. खेळण्यांवाला रविवारी सकाळी मेहरूण तलावावर फिरायला येणाऱ्या पोरांना भोवरे फिरवायला देऊ शकतो. आईस्क्रीमवाल्याने उन्हाळ्यात रात्री दुकानापुढे चार खाटा टाकाव्यात, म्हातारी माणसं येऊन बसतील, नातवंडं मागोमाग.

फक्त एवढं बघा: लाऊडस्पीकर लावायचा असेल तर पोलीस ठाण्यात अर्ज करून परवानगी घ्या, आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंदच. जागा नगरपालिकेची असेल तर तिथेही अर्ज. बायकांचा कार्यक्रम असेल तर उजेड, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह या तीन गोष्टी आधी, सजावट नंतर. आणि कार्यक्रमात भाषण ठेवू नका, कुणाचंच. तो वेळ त्यांचा आहे.

८. मोजा, पण थोडंच

महिन्याला तीन आकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहा: किती माल परत आला, किती लोक दुसऱ्यांदा आले, आणि कोणत्या वेळेला जास्त विक्री झाली. लाईक आणि व्ह्यू लिहू नका. माझ्या एका व्हिडिओला भरपूर व्ह्यू आले आणि त्या महिन्यात माल जास्त परत आला.

एक बदल केला की निदान दोन महिने दुसरा करू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. लग्नसराईच्या महिन्याची तुलना श्रावणाशी करू नका, गेल्या वर्षीच्या त्याच तिथीशी करा. आखाजी कधी एप्रिलमधे येते कधी मेमधे, तारखेवर गेलात तर हिशोब चुकतो.

चोवीस तासांची वही वर्षातून दोनदा नवीन घाला, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा आखाजीच्या महिनाभर आधी. जुनी माणसं तीच ठेवा आणि तीन-चार नवीन घाला. आमच्या काकू दर वेळी पहिल्या पानावर असतात, गेल्या वेळी त्यांच्या दुपारी दोन ते अडीचच्या ओळीत "वट्टावर, सूनबरोबर, मोबाईलवर गाणं ऐकत, हातात लसूण" असं निघालं, म्हणजे आता दोघींसाठी एकाच आवाजात काय बोलायचं ते आम्हाला या उन्हाळ्याच्या आत ठरवायचंय.